एकोणीस तास

मंगळवारी सकाळी नऊला लॅबमध्ये ब्लड कल्चरची, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून शोधायची, ती बाटली हातात घेतली आणि बोटांना गार लागली. काचेवर पाणी धरलं होतं, लेबलवरची शाई पसरली होती. कळव्याच्या एका नर्सिंग होममध्ये सोमवारी दुपारी दोनला घेतलेलं रक्त, रात्रभर फ्रिजमध्ये. "पुलावर ट्रॅफिक होतं म्हणून सकाळी आणलं," बाटली आणणारा पोरगा म्हणाला. त्याला काय बोलणार? पण नर्सिंग होमवाल्यांना किती वेळा सांगायचं, की ही बाटली गार करायची नसते, जिवाणू वाढले तरच आम्हाला सापडतात! त्यात रक्तही दहा मिलीच्या जागी जेमतेम चार.

पेशंट ५८ वर्षांच्या बाई. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर ताप, बीपी खाली, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू. बाटली मशीनमध्ये लावली. माझी ड्युटी रात्री आठला संपली, पण मी थांबले. ८:४० ला मशीन वाजलं, म्हणजे बाटलीत जिवाणू वाढले होते. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा, गुलाबी दांड्यांसारखे जिवाणू, फील्ड भरून.

प्लेटवर टाकून वाढवायचं, मग सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालतं ते) लावायची, म्हणजे उत्तर गुरुवारी. रॅपिड पॅनेल त्याच बाटलीतून तासाभरात जिवाणूचं नाव आणि प्रतिकाराची जनुकं सांगतं, पण ते महाग, घरच्यांना विचारावं लागतं. बाईंचा मुलगा फोनवर लगेच हो म्हणाला.

१०:२० ला निकाल आला. क्लेब्सिएला हा जिवाणू; त्यात सीटीएक्स-एम आणि एनडीएम, औषध तोडणारी एन्झाइम बनवणारी जनुकं.

नुसतं 'रेझिस्टंट' कळून भागत नाही, ते इथे. ऑक्सा-४८ असतं तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमवर (अँटिबायोटिक आणि एन्झाइम रोखणारं औषध, एकत्र) बहुधा भागलं असतं. एनडीएमला अ‍ॅव्हिबॅक्टम अडवू शकत नाही. अ‍ॅझट्रिओनाम या दुसऱ्या अँटिबायोटिकला एनडीएम तोडत नाही, पण सीटीएक्स-एम तोडतं, आणि त्या सीटीएक्स-एमला अ‍ॅव्हिबॅक्टम रोखून धरतं. म्हणून ही औषधं एकत्र द्यायची. आमच्या मॅडमनी प्रिंटची वाट न बघता हे सगळं घरून फोनवर तिथल्या डॉक्टरांना समजावलं. बाराच्या आत पहिला डोस गेला. अशा वेळी स्वतः फोन उचलणारे मायक्रोबायोलॉजिस्ट मी फार पाहिलेले नाहीत.

गुरुवारी प्लेट बघितली. मेरोपेनेमच्या चकतीला अगदी चिकटून वाढ. झोन (चकतीभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) ६ मिमी, म्हणजे चकतीचाच व्यास; औषधाचा काही परिणामच नाही. सोमवारपासून बाईंच्या अंगात तेच औषध जात होतं.

शुक्रवारी बाईंचा मुलगा छापील रिपोर्ट न्यायला आला. ताप उतरत होता, पण डायलिसिस सुरू करावं लागलं होतं.

"ताई, हे आधी नसतं का कळलं?"

बाटली सोमवारी संध्याकाळी आली असती, तर मंगळवारी सकाळपर्यंत कळायची शक्यता होती. मी म्हणाले, "आमच्याकडे बाटली मंगळवारी आली." फ्रिजचं तोंडातून निघालं नाही. समोर घाबरलेला माणूस, आई अजून त्याच नर्सिंग होममध्ये. रिपोर्टच्या तळाशी, बारीक अक्षरात, इंग्रजीतून मी ते लिहिलं होतं: नमुना थंड अवस्थेत, १९ तासांनी मिळाला.

त्याने कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेला.