मिलानच्या ब्रेरात, लेगाच्या मांडवाखाली

ब्रेरा संग्रहालयाच्या अंगणात शिरलं की आधी नेपोलियन भेटतो. कानोव्हाने घडवलेला, ब्राँझचा, अंगावर जवळजवळ काहीच नाही. (सोमवारी जाऊ नका, बंद असतं.) वर एकोणिसाव्या शतकाच्या दालनात झुंबड असते ती हायेझच्या १८५९ सालच्या ‘चुंबना’पुढे. सेल्फीवाले काही हलेनात, म्हणून मी सिल्वेस्त्रो लेगाच्या ‘इल पेर्गोलातो’कडे, म्हणजे ‘मांडवा’कडे वळलो आणि तिथेच रेंगाळलो.

चित्र १८६८चं, रुंदी मीटरभरही नाही. उन्हाळ्यातली, जेवणं उरकल्यानंतरची वेळ. वेलींच्या मांडवाखाली बायका बसल्यात, सोबत एक छोटी मुलगी. उजवीकडून कामवाली कॉफीचा ट्रे घेऊन येतेय. घडतं ते एवढंच! पण जमीन बघा. पानांतून गाळून आलेल्या उन्हाचे पट्टे फरशीवर आडवे पडलेत आणि मागचं शिवार उन्हात नुसतं भाजून निघतंय. सावलीतला गारवा आपल्याला जाणवतो तो त्या मागच्या उन्हामुळे. बसलेल्या मंडळींना कसलीच घाई नाही. पाऊल उचललेली ती कामवाली एकटीच. माझी नजर पुन्हापुन्हा तिच्याकडेच जात होती. बाकीच्यांची निवांत दुपार तिच्याच जिवावर चाललेली.

फ्लॉरेन्सच्या काफे मिकेलान्जेलोत जमणाऱ्या लेगा आणि त्याच्या चित्रकार मित्रांच्या कंपूला १८६२ मध्ये एका वर्तमानपत्राने कुचेष्टेने ‘माक्याओली’, म्हणजे डागवाले, म्हटलं होतं. उजेड-सावलीच्या सपाट ठिगळांतून आकार उभा करायची त्यांची रीत. पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन भरलं १८७४ला, म्हणजे या डागवाल्यांनंतर, हे इथे मुद्दाम सांगतो.

मग रेल्वेने दोनेक तासांत फ्लॉरेन्स गाठलं आणि चित्रातली जागा शोधायला प्याजेंतीनात गेलो. लेगाच्या काळी ते फ्लॉरेन्सच्या गावकुसाबाहेरचं शिवार होतं. लेगा तिथे बातेल्ली कुटुंबाकडे राहायचा. विर्जीनिया बातेल्लीवर त्याचा जीव होता. १८७० मध्ये ती क्षयाने गेली आणि तो पार खचला. म्हातारपणी तर डोळ्यांनीही दगा दिला. आज तिथे चार-पाच मजली इमारती, दुतर्फा लावलेल्या स्कूटर आणि व्हिया प्याजेंतीना नावाचा साधा रस्ता आहे. बाजूने वाहणारा आफ्रिको ओढा शहराखाली बऱ्याच ठिकाणी बुजवून झाकलाय. मांडव शोधायला गेलात तर निराशच व्हाल.

त्यापेक्षा पिट्टी राजवाड्यात जा. लोक खाली राफाएल बघूनच दमतात, पण वरच्या मजल्यावरच्या आधुनिक कलादालनासाठी पायांत त्राण राखून ठेवा. तिथे लेगाचं १८६७चं ‘स्तोर्नेल्लोचं गाणं’ आहे (स्तोर्नेल्लो म्हणजे इटालियन लोकगीत): पियानोपाशी गाणाऱ्या तीन तरुणी आणि उघड्या खिडकीबाहेर तेच प्याजेंतीनाचं शिवार.