जुना लॅपटॉप अन् दरवर्षीचं भाडं

घरी २०१५ चा लॅपटॉप आहे, चालतो मस्त. पण विंडोज १० चे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ टाकायला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, वरून चालणाऱ्या प्रोसेसरची यादी वेगळीच, म्हणजे आमचा गडी बाद. वर्षभराचे वाढीव अपडेट विकत घ्यायचे तर ३० डॉलर, कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ अन् मग दरवर्षी दुप्पट, आता याला भाडं नाही तर काय म्हणायचं बे! सीताबर्डीतला दुकानदार म्हणे, "भाऊ, नवाच घेऊन टाका ना." कायले?

रविवारी दुपारी कूलरसमोर बसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, हे बेस्ट. वायफाय लगेच लागलं, प्रिंटरनं मात्र दीड तास खाल्ला. आईची भिशीची एक्सेल शीट लिब्रेऑफिसमध्ये (ऑफिससारखंच फुकट सॉफ्टवेअर) नीट उघडली, फक्त युनिकोड नसलेले जुने मराठी फॉन्ट वेगळे टाकावे लागले. बाबांचं टॅली असलेला डेस्कटॉप विंडोजवरच ठेवला, तिथे उगाच हट्ट नाही केला. आई पहिल्या दिवशी "स्टार्ट कुठे गेला रे?" करत होती, आता पत्त्यांचा गेम शोधून बसलीय.