खाडीचे पाणी आणि सोन्याचे कण

आमच्या प्रयोगशाळेतील एका कुपीत कोकम सरबतासारखे लाल दिसणारे पाणी आहे आणि त्याला तो रंग सोन्याने दिला आहे. सुमारे 13 नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण पाण्यात सुटे असेपर्यंत हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून पाणी लाल दिसते. ते एकमेकांना चिकटले की रंग जांभळा आणि पुढे निळा होतो. सोन्याच्या अशा लाल द्रावणांचा अभ्यास मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच प्रसिद्ध केला होता. आज पाण्यातील शिसे ओळखण्यासाठी कणांवर ग्लुटाथायोन या सजीव पेशींत आढळणाऱ्या छोट्या रेणूचा थर चढवतात; शिशाचा आयन शेजारच्या दोन कणांवरील थरांना एकदम धरतो आणि कण जवळ येतात.

पिण्याच्या पाण्यातील शिशाची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग आहे. इतके शिसे चवीला कळत नाही, वासालाही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही ऐरोलीजवळून भरतीच्या वेळचे खाडीचे पाणी आणले. त्याचे काही थेंब पडताच कुपी निळी झाली आणि माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, शिसे सापडले!" मी तिला ऊर्ध्वपातित पाण्यात नुसते मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवून तेच करायला सांगितले. तीही कुपी निळीच झाली. कणांवरील ऋण प्रभारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात, आणि क्षारांनी तो प्रभार झाकला की शिसे नसतानाही ते गोळा होतात.

पाणी दहापट पातळ केले तर क्षार कमी होतात, पण शिसेही तितकेच कमी होते. म्हणून आता आम्ही पाणी आधी चिलेटिंग रेझिनमधून, म्हणजे शिशासारखे जड धातू पकडून ठेवणाऱ्या मण्यांमधून सोडतो. शिसे रेझिनवर अडकते, सोडियम निघून जाते आणि मग थोड्या आम्लाने शिसे उतरवून घेता येते. माशांतील शिसे तपासण्याचे काम याहून वेळखाऊ आहे. बोई माशाचे मांस नायट्रिक आम्लात तापवून पूर्ण विरघळवावे लागते आणि आम्लता नेमकी जुळवल्याशिवाय सोन्याच्या कणांशी त्याची गाठ घालता येत नाही.

हा सगळा खटाटोप मला आवश्यक वाटतो. खोट्या निळ्या रंगावरून खाडीचा मासा विषारी ठरवला, तर कोळणीच्या पाटीतला माल पडून राहतो. खरे शिसे नजरेतून सुटले, तर ते लहान मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणून निळ्या झालेल्या प्रत्येक नमुन्याचा उरलेला भाग आम्ही अणुशोषण वर्णपटमापकावर, म्हणजे प्रकाशाच्या शोषणावरून शिशाचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तपासतो आणि तो आकडा हाती येईपर्यंत वहीत त्यापुढे फक्त "संशयित" असे लिहितो.