सँडपायपरचा घोळ सुटला (जवळजवळ)

मार्चचा दुसरा आठवडा, दलदलीवरची या सीझनची माझी नववी चक्कर. यंदा नवीन पक्ष्यांच्या मागे पळायचं नाही असं ठरवलं होतं, आधी ग्रीन आणि वुड सँडपायपर (चिखलाच्या कडेने फिरणारे छोटे पाणपक्षी, मराठीत तुतवार) वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण गेली दोन वर्षं मी वहीत नुसतं "तुतवार, बहुतेक" लिहून मोकळा होतोय.

उजाडायच्या आधीच जाऊन बसलो पण धुकं एवढं की ८ बाय ४२ ची दुर्बीण असून नसल्यासारखी. वर टिटवीने ओरडून अख्ख्या दलदलीला माझी वर्दी दिली. ऊन आल्यावर चिखलाच्या कडेला एक तुतवार दिसला. भुवई बघायची हे डोक्यात पक्कं होतं, वुडची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते आणि ग्रीनची डोळ्यापाशीच संपते, पण साहेब पाठमोरे! दहा मिनिटं पाठमोरे. शेवटी उडाला आणि पंख खालून काळपट, शेपटीच्या वर पांढराशुभ्र पट्टा, म्हणजे ग्रीनच, वुडचे पंख खालून फिके असतात. नंतर दोन वुड मिळाले, ते तर "चिफ-इफ-इफ" करत उडाले त्यामुळे बघायचीही गरज पडली नाही. बसलेल्यापेक्षा उडालेला सोपा, हे आधी कळलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

बाकी हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची परतीची तयारी दिसतेय. तलवार बदकं मागच्या वेळी साठेक होती, आज अकरा. गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्याच्या मानेवर विटकरी रंग चढायला लागलाय, पिवळे धोबी खरंच पिवळे दिसतायत. मधेच मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी आला, पंख व्हीसारखे वर धरून गवतावरून अगदी खालून, आणि इकडेतिकडे पसरलेले वारकरी (काळे पाणपक्षी) क्षणात एकमेकांना चिकटून एक काळा गठ्ठा झाले. हे कितीही वेळा बघितलं तरी मी मोजायचं विसरतो, आजही विसरलो.

निघताना पायाजवळून एक पाणलावा (स्नाइप) भर्रकन नागमोडी उडाला. पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ असली तर कॉमन स्नाइप, नसली तर बहुधा पिनटेल स्नाइप. फोटो काढला, त्यात गवत मस्त आलंय. वहीत लिहिलं, "पाणलावा, बहुतेक कॉमन".