तुम्ही विचारलंत म्हणून: ती काडी मी फेकली का नाही

भेटलात की तुमचा प्रश्न ठरलेला. "पानं झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या, तरी ते कुंडीतलं फायकसचं झाड तू फेकलं का नाहीस? आणि त्यातून शिकलीस तरी काय?" आजवर मी "संयम" म्हणून मोकळी होत आले. ते खरं नाही.

जुनं घर का सुटलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे या फायकस बेंजामिनाला भरपूर ऊन मिळायचं, इथे नुसता उजेड. काही दिवसांतच पानं पिवळी पडायला लागली. फांदीला हात लागला की मूठभर पानं खाली. येणारा प्रत्येक जण सांगायचा, पाणी वाढव, खत घाल, मोठ्या कुंडीत लाव. मलाही तेव्हा असंच सांगणं चालू होतं: बाहेर पड, काहीतरी नवीन सुरू कर, चेहरा असा ठेवू नकोस. सगळं मायेपोटी, हे तेव्हाही कळत होतं. तरी नको व्हायचं.

एका संध्याकाळी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला, आत ओलसर हिरवं दिसलं आणि पाठोपाठ पांढरा चीक आला. वडा-पिंपळाच्या कुळातलं झाड, जिवंत असेल तर चीक येणारच. पण मला रडू फुटलं, आणि ते आता लपवावंसं वाटत नाही.

उन्हात वाढलेली जाड पानं कमी उजेडात झाडाला परवडत नाहीत. ती टाकून ते पातळ पानं नव्याने काढतं. मधल्या काळात पानंच नसल्याने मुळं पाणी फारसं ओढत नाहीत. तेव्हा ओतलेलं जास्तीचं पाणी मातीत साचून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणून मी मातीत बोट घालून पाहायचे आणि ओल लागली की पाणी द्यायचे नाही. तुमच्यातल्या काहींना ते दुर्लक्ष वाटलं. दुर्लक्ष करणारं माणूस रोज मातीत बोट घालत नाही हो!

आणि संयम कसला? मला क्षणाचा धीर नव्हता. ते मेलेलं नाही एवढं फक्त माहीत होतं. पुढे पानं आली, ती तुम्ही पाहिलीत.

पण याचा नियम करू नका. नंतर त्याच झाडावर, पानांच्या बेचक्यात, कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले. तेव्हा थांबून चाललं नसतं. त्याच रात्री ओल्या फडक्याने एकेक पुसून काढला. "कधी थांबायचं ते साल खरवडली की कळतं," असं मी मोठ्या खात्रीने म्हणायचे. झाडाच्या बाबतीत कळतं.

धाकटी बहीण सध्या कुणाचाच फोन घेत नाही. तिला एकटं राहू द्यावं की सरळ दार वाजवावं, हे या फायकसला विचारून समजणार नाही. मी उद्या जाणार आहे. तिला ते आवडेल की नाही, सांगता येत नाही.