शिताविना हुमण

गोव्यातल्या ताटात शीत म्हणजे भात असतो, हुमण म्हणजे खोबऱ्यातलं माशांचं कालवण असतं आणि कडेला तळलेलं नुस्तं, म्हणजे मासे. लो-कार्बच्या, म्हणजे कमी कर्बोदकांच्या आहाराच्या, पहिल्या दिवशी यातलं शीत उठून जातं आणि हुमण पोरकं होतं. मग ते वाटीने प्यायलं जातं, तळलेल्या तुकड्यांना आणखी दोघांची सोबत मिळते, आणि महिनाभराने वजनकाटा जागचा हलत नाही. गेलेला भात सगळ्यांना दिसतो. त्याच्या जागी काय आलं, ते सहसा कुणी मोजत नाही.

मोजणी अवघड नाही. किलोतलं वजन गुणिले 10, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. आलेल्या आकड्यात पुरुषांनी 5 मिळवायचे, बायकांनी 161 वजा करायचे. 1990 सालचं हे मिफलिन-सेंट जोर सूत्र पडून राहिलेल्या देहाचा खर्च सांगतं. समजा बाई 45 वर्षांची, उंची 158, वजन 68. उत्तर येतं दिवसाला 1281 कॅलरी. घरकाम आणि थोडं चालणं धरून त्याला 1.375 ने गुणलं की सुमारे 1760. (इथे बहुतेक जण स्वतःला जरा जास्तच कष्टाळू ठरवतात.) वजन उतरवायचं तर त्यातून 400 काढायचे. उरले 1360.

आता प्रथिनं. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये सांगितलेलं किलोमागे 0.83 ग्रॅम हे प्रमाण पुरेसं जेवणाऱ्या निरोगी माणसाचं. कमी खाताना शरीर स्नायूंवरही हात मारतं, म्हणून किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम धरावेत, तेही गाठायच्या वजनावर, कारण साठलेल्या चरबीला प्रथिनांची फारशी गरज नसते. या बाईला 58 किलोवर यायचं असेल, तर 58 गुणिले 1.4 म्हणजे 81 ग्रॅम, म्हणजेच ग्रॅममागे 4 प्रमाणे 324 कॅलरी. कर्बोदकं 80 ग्रॅम ठेवली तर आणखी 320. चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणून बाकीच्या 716 ना 9 ने भागलं की दिवसभराची चरबी मिळते, सुमारे 80 ग्रॅम. 80 ग्रॅम कर्बोदकांत 150 ग्रॅम शिजलेला भात बसतो. त्याची 42 ग्रॅम झाली, तेव्हा ताटातून शीत पूर्ण हद्दपार करायची गरज नाही.

खरी फसगत नुस्त्यात. 100 ग्रॅम बांगडा म्हणजे 100 ग्रॅम प्रथिनं नव्हेत. कच्च्या मांसात ती 19 च्या आसपास असतात. शिवाय बाजारात बांगडे नगावर आणि सुंगटं (कोळंबी) वाट्यावर मिळतात, किलोचा आकडा हातात येतच नाही. 150 ग्रॅमच्या बांगड्याचं डोकं, पोट, काटे गेले की 80-85 ग्रॅम मांस उरतं, म्हणजे 16 ग्रॅम प्रथिनं. साफ करून, मसाला लावण्याआधी वजन करावं आणि जेवल्यावर ताटातले काटे तोलून वजा करावेत. घरातले हसतील, हसू द्यावं. शिजलेल्या माशाचं वजन मात्र कच्च्याच्या तक्त्याला लावू नये. पाणी उडालेलं असतं, हिशेब चुकतो. नाश्त्याला तीन अंडी (18), दुपारी दोन बांगडे (32), रात्री सोललेली 120 ग्रॅम सुंगटं (24) आणि 200 ग्रॅम दही (7): झाले 81. पाव-पातळभाजीच्या नाश्त्याने सुरुवात केली तर ही भरपाई दिवसभर होत नाही, आणि एका पावात 25 ग्रॅम कर्बोदकं जातात ती वेगळीच.

कॅलरी मात्र माशात फारशा नसतात, खोबऱ्यात असतात. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात 350 कॅलरी आणि 33 ग्रॅम चरबी. चौघांच्या हुमणात 150 ग्रॅम खोबरं वाटलं तर माणशी 130 कॅलरी. दोन वाट्या ओरपल्या तर तेच दुप्पट. तळणीचं तेल डोळ्यांनी कधीच कळत नाही. बाटली आधी आणि नंतर तोलावी, तव्यात उरलेलं वजा करावं. एका चहाच्या चमच्याला 45 कॅलरी पडतात. रव्याचा थर चमचाभर असला तरी 7 ग्रॅम कर्बोदकं घालतो.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो उतरतो, ते पाणी असतं. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते वाहून जातं. इन्सुलिन, मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, साखर आणि दाब दोन्ही एकदम घसरू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचे प्रथिनांचे आकडे लागू नाहीत.

1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. तेव्हा पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं नुस्तं बाहेर निघतं. 10 ग्रॅम सुक्या सुंगटांच्या किसमुरीत (खोबरं घातलेल्या कोशिंबिरीत) 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि मीठही भरपूर. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण. 150 ग्रॅम पनीरमध्ये 27 ग्रॅम प्रथिनं, पण चरबी 30 ग्रॅम. 150 ग्रॅम शिजलेल्या अळसांद्यांत (गोव्याच्या चवळीत) 12 ग्रॅम प्रथिनांमागे 31 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे त्या दिवशी भाताचे दोन डाव सोडावे लागतात. आणि तोंडाकात, म्हणजे कडधान्याच्या रसभाजीत, घालायचं खोबरं निम्मं करा, हे घरातल्या आजीला सांगायला कुणीतरी धीट माणूस हवा.