रडार वाचायचा तिसरा सीझन, आणि हिरव्या-लालचा घोळ

टॉर्नेडोचा सीझन आता संपत आलाय म्हणून वही घेऊन बसलोय. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मी गाडी काढून वादळामागे जाणाऱ्यातला नाही, घरी लॅपटॉपवर लेव्हल टू डेटा (रडारचा मूळ, पूर्ण तपशिलाचा डेटा) उघडून स्टॉर्म बघतो, आणि यंदा त्यात खरंच एक पायरी वर चढलो असं वाटतंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली दोन वर्षं माझं सगळं लक्ष रिफ्लेक्टिव्हिटीवर (पाऊस-गारांवरून परत येणारा सिग्नल किती जोरदार ते) असायचं, हूक (स्टॉर्मच्या कडेचा आकड्यासारखा आकार) दिसला की टॉर्नेडो येणार असं डोक्यात पक्कं बसलेलं. पण हूक दिसूनही काहीच झालं नाही असं कितीतरी वेळा होतं, आणि उलटंही होतं, टॉर्नेडो पावसात गुंडाळलेला असला की हूक धड दिसतच नाही. म्हणून जानेवारीपासून नियम केला, आधी वेलोसिटी (वारा रडारकडे येतोय की लांब जातोय, आणि किती वेगाने), मग रिफ्लेक्टिव्हिटी, सीसी (कोरिलेशन कोइफिशंट, हवेतल्या वस्तू एकसारख्या आहेत की नाहीत ते सांगणारा आकडा) शेवटी. दर आठवड्याला दोन-तीन जुन्या केसेस अर्काइव्हमधून उतरवतो (सगळा जुना डेटा फुकट मिळतो, केवढी मोठी सोय आहे ही), वॉर्निंगचे पोलिगॉन (हवामान खात्याने धोक्याच्या भागाभोवती आखलेल्या चौकटी) बंद ठेवतो, एकेक स्कॅन पुढे सरकवतो आणि कुठल्या स्कॅनला मी स्वतः वॉर्निंग दिली असती ते वहीत लिहितो. मग पोलिगॉन चालू करून ताडून बघतो.

माझी सगळ्यात मोठी चूक त्यातच सापडली. मी शिकलो ते सगळं फोर्ट वर्थच्या केएफडब्ल्यूएस रडारवर, आणि माझ्या आवडीचे स्टॉर्म बहुतेक त्याच्या उत्तरेला, त्यामुळे कपलेट (फिरणाऱ्या वाऱ्याची हिरव्या-लालची जोडी) म्हणजे नकाशावर हिरवं डावीकडे, लाल उजवीकडे असं पाठ झालेलं. मार्चमध्ये ओक्लाहोमा सिटीच्या केटीएलएक्सवर एक केस लावली, स्टॉर्म रडारच्या दक्षिणेला होता, आणि रंग बरोब्बर उलटे. मी वहीत लिहून मोकळा झालो की हे उलटं फिरणारं आहे, अँटिसायक्लोनिक. तसं काही नव्हतं. हिरवं म्हणजे रडारकडे येणारा वारा आणि लाल म्हणजे लांब जाणारा, त्यामुळे आपण मनाने रडारच्या जागी उभं राहून स्टॉर्मकडे तोंड करायचं, मग नेहमीच्या घड्याळाच्या उलट फिरण्यात हिरवं कायम डाव्या हाताला आणि लाल उजव्या हाताला येतं, स्टॉर्म कुठल्याही दिशेला असू दे. आता प्रत्येक केस उघडली की आधी रडार कुठे आहे तिथे बोट ठेवतो. नवीन लोकांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्याच.

दुसरी गोष्ट बीमच्या उंचीची. रडारचा सगळ्यात खालचा टिल्ट (बीमचा जमिनीशी कोन) अर्धा डिग्री, पण अंतर वाढतं तसा बीम जमिनीपासून वर वर जातो, वर पृथ्वीची गोलाई. फ्रिस्कोवर केएफडब्ल्यूएसचा बीम साधारण साडेतीन हजार फुटांवर असतो आणि शर्मनपर्यंत पोचेतो सात हजारांच्या पुढे. म्हणजे शर्मनजवळ कपलेट सैल दिसलं म्हणून खाली काही नाही असं अजिबात समजायचं नाही, आपल्याला खालचं दिसतच नाहीये.

हे कळल्यावर २५ मे २०२४ च्या व्हॅली व्ह्यूच्या केसकडे परत गेलो. ही केस माझ्यासाठी नुसती केस नाही. त्या रात्री आम्ही जागे होतो, ईएफ-३ (शून्य ते पाचच्या मोजपट्टीवर तीन) टॉर्नेडो व्हॅली व्ह्यूवरून रे रॉबर्ट्स तलाव, पायलट पॉइंट, सेलिना असा येत होता आणि सेलिना म्हणजे आमच्या डोक्यावरचंच गाव. इथे घरांना तळघर नसतं, बायको आणि मुलगी खालच्या मजल्यावरच्या जिन्याखालच्या क्लोझेटमध्ये, मी दारात फोन घेऊन, आणि तेव्हा मला स्क्रीनवरचं निम्मंही कळत नव्हतं. सात माणसं गेली त्यात. सकाळी आईचा फोन आला, चक्रीवादळ तुमच्याकडे आलं होतं का म्हणून, आणि मला काय सांगावं सुचेना.

यंदा ती केस तीन वेळा बघितली. व्हॅली व्ह्यू केएफडब्ल्यूएसपासून चौसष्टेक मैल, बीम जवळजवळ पाच हजार फुटांवर. मग विमानतळासाठीचं टर्मिनल रडार लावलं, टीडीएफडब्ल्यू, ते तिथून निम्म्या अंतरावर आहे आणि खालचा स्कॅन दर मिनिटाला देतं. ही रडारं मुळात मायक्रोबर्स्ट (स्टॉर्ममधून जोरात खाली कोसळणारा वारा) पकडायला बसवलीत, २ ऑगस्ट १९८५ ला इथेच डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरताना डेल्टाचं १९१ नंबरचं विमान मायक्रोबर्स्टमध्ये पडलं होतं, त्यात १३७ जण गेले, त्यानंतर या कामाला खरा वेग आला. तोटे दोन, वेव्हलेंग्थ पाच सेंटिमीटर असल्याने मधे जोरदार पाऊस आला की पलीकडचं पुसट होतं, आणि ड्युअल पोल (आडव्या-उभ्या दोन्ही लहरी पाठवणं) नसल्याने सीसी मिळत नाही. म्हणून मी आता दोन खिडक्या शेजारी लावतो, डावीकडे टीडीएफडब्ल्यूची वेलोसिटी, उजवीकडे केएफडब्ल्यूएसचा सीसी.

सीसीबद्दलही माझा एक गैरसमज होता. निळा खड्डा (सीसी कमी झालेली जागा) दिसला की ढिगारा उडतोय असं वाटायचं. पण मोठ्या ओल्या गारांनीही सीसी खाली येतो, आणि इनफ्लोमध्ये (स्टॉर्ममध्ये शिरणाऱ्या हवेत) किडे, धूळ असली तरी येतोच. म्हणून आता तिन्ही एकाच ठिकाणी हवेत, घट्ट कपलेट, सीसी ०.८ च्या खाली, आणि तिथेच रिफ्लेक्टिव्हिटी तीस-पस्तीस डीबीझेडच्या वर. त्यातही हे दिसतं तेव्हा टॉर्नेडोने कुणाचं तरी काहीतरी आधीच मोडलेलं असतं, पत्रे, झाडं, इन्सुलेशन हवेत गेलेलं असतं. आधी सूचना मिळण्यासाठी सीसीचा काही उपयोग नाही, त्यासाठी वेलोसिटीच बघावी लागते. हे समजल्यावर तो निळा ठिपका बघून आधी जसा उत्साह यायचा तसा आता येत नाही.

स्कायवॉर्नचा (वादळं ओळखून कळवणाऱ्या स्वयंसेवकांचा) क्लास परत केला, फुकट असतो, दर वर्षी करावा असाच आहे, शेल्फ क्लाउड (वादळाच्या पुढच्या कडेचा ढग) आणि वॉल क्लाउडमध्ये (टॉर्नेडो जिथून उतरू शकतो तो खाली आलेला ढग) मी अजूनही फोटोवरून कधी कधी अडकतो.

पुढची केस ठरलीय, २६ डिसेंबर २०१५, गार्लंड-रॉलेट, ईएफ-४, अंधार पडल्यावरचा. गार्लंडवर केएफडब्ल्यूएसचा बीम तीनेक हजार फुटांवर येतो, म्हणजे व्हॅली व्ह्यूपेक्षा खूपच खालचं दिसायला हवं. पोलिगॉन बंद करून ठेवलेत, शनिवारी बसतो.